चाप कोणी ओढला?

दोन वस्तूंपैकी एकीची निवड करताना माणसे जे बोलतात, ते साहित्याच्या अभ्यासकाने कान देऊन ऐकावे असे मला वाटते. तौलनिक समीक्षा नावाचा जो व्यवहार आपण वर्गात आणि उत्तरपत्रिकांत करतो, त्याचे एक रोकडे रूप तिथे पाहायला मिळते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र काहींना विचित्र वाटेल. पेंटबॉल या खेळातल्या, मध्यम किमतीच्या दोन बंदुकांपैकी कोणती घ्यावी, असा तो प्रश्न आहे. मराठीच्या प्राध्यापकाने यात नाक खुपसण्याचे कारण काय, हा आक्षेप येणारच; त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळावे अशी अपेक्षा आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ही निवड करणारा माणूस वरवर पाहता बंदूक निवडतो, पण त्या निवडीतून तो आपण कोणता खेळ खेळणार हे ठरवून बसतो. आणि या विषयावरच्या बहुतेक तुलना नेमका हाच मुद्दा नजरेआड करतात.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. पेंटबॉलची गोळी म्हणजे जिलेटिनचे पातळ कवच आणि त्यात भरलेला, पाण्याने धुतला जाणारा रंग. औषधांच्या मऊ कॅप्सूल ज्या तंत्राने बनतात त्याच तंत्राने ही गोळी बनते. प्रचलित गोळीचा व्यास ०.६८ इंच, वजन तीन ग्रॅमच्या आसपास. दाबाखालच्या हवेच्या जोरावर ती नळीतून सुटते, अंगावर फुटते आणि रंगाचा डाग उमटवते. डाग उमटला की खेळाडू बाद. गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांपेक्षा अधिक नसावा असा सर्वसाधारण दंडक आहे आणि अनेक मैदाने तो त्याहून खालीच ठेवतात. सेकंदाला ३०० फूट म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. मैदानावर असेपर्यंत मास्क उतरवायचा नाही, हा या खेळाचा पहिला नियम का आहे, ते एवढ्यावरून कळावे. आपल्याकडे लोणावळा, पुणे या परिसरात पैसे भरून हा खेळ खेळता येतो, पण तिथे बंदूक मैदानवाल्याचीच असते. स्वतःची बंदूक विकत घेण्याचा प्रश्न मुख्यतः अमेरिका-युरोपातला आहे, आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुलांपुढेही तो येतो.

या खेळाच्या जन्माशी एका कादंबरीकाराचा संबंध आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांना रुचावी. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हेनिकर नावाचे गाव आहे. तिथल्या रानात २७ जून १९८१ रोजी पहिला सामना झाला. तो घडवून आणणाऱ्या तिघांपैकी चार्ल्स गेन्स हा लेखक होता. 'स्टे हंग्री' ही त्याची कादंबरी १९७२ साली प्रसिद्ध झाली होती. दुसरा हेज नोएल, हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला माणूस. तिसरा बॉब गर्न्सी, हा क्रीडासाहित्याचा व्यापारी. गेन्स आणि नोएल यांच्यात एक वाद चालत आलेला होता. शहरात तावूनसुलाखून निघालेला चतुर माणूस रानात तगेल, की रानाची सवय असलेलाच तगेल? आपल्याकडे नागर आणि ग्रामीण हा वाद परिसंवादांतून झडला. त्यांनी तो रंगाच्या गोळ्यांनी सोडवायचे ठरवले. बारा खेळाडू रानात उतरले. प्रत्येकाने एकट्याने खेळायचे, ठिकठिकाणी ठेवलेली वेगवेगळ्या रंगांची निशाणे गोळा करायची आणि बाद न होता बाहेर पडायचे. जिंकला तो रिची व्हाइट, जंगलात काम करणारा माणूस. त्याने संपूर्ण सामन्यात एकही गोळी झाडली नाही.

पेंटबॉलवर लिहिणाऱ्यांनी हे वाक्य गमतीदार योगायोग म्हणून शेवटी टाकण्याची प्रथा पाडली आहे. मला ते आरंभी ठेवावेसे वाटते. खेळाच्या पहिल्या रूपात बंदूक होती, पण खेळाचा प्राण लपणे, चाहूल घेणे आणि वाट पाहणे यांत होता. त्या दिवशी वापरलेले 'नेलस्पॉट ००७' हे साधनही अशाच चालीचे होते. एक गोळी झाडली की दुसरी हाताने पुढे आणायची. चुकलेल्या गोळीची किंमत मोठी, म्हणून झाडण्यापूर्वी विचार करणे भाग.

इथे शब्दाचा प्रश्न उभा राहतो. या साधनाला 'गन' म्हणू नये, 'मार्कर' म्हणावे, असा आग्रह इंग्रजीत जाणकार धरतात. हा सौम्योक्तीचा प्रकार आहे, शस्त्राला खेळण्याचे नाव देऊन त्याची धार लपवण्याचा डाव आहे, असा संशय कोणालाही येईल. परंतु इतिहास वेगळे सांगतो. नेल्सन या रंग बनवणाऱ्या कंपनीसाठी 'नेलस्पॉट' तयार झाले ते जंगलातल्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर दुरून खूण करता यावी म्हणून. ते खरोखरच खुणा करण्याचे अवजार होते. माणसांवर ते नंतर रोखले गेले. म्हणजे 'मार्कर' हे मूळ नाव आणि 'गन' ही नंतरची उपाधी. दुसरीकडे, आपला 'बंदूक' हा शब्दही वाटतो तितका रक्तरंजित नाही. त्याचे मूळ अरबी 'बुंदुक' या शब्दात सांगितले जाते. त्याचा अर्थ हेझलनटचे गोल फळ, आणि त्यावरून त्या आकाराची गोळी. रंगाची गोळी फेकणाऱ्या नळीला बंदूक म्हणणे व्युत्पत्तीच्या दृष्टीने तरी अगदीच गैर नाही. म्हणून मी 'बंदूक' हाच शब्द ठेवतो. पण ती मुळात खूण करणारी वस्तू आहे, याचे भान सुटू देत नाही. पुढच्या युक्तिवादात ते उपयोगी पडणार आहे.

आता त्या दोन बंदुका. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या प्लॅनेट इक्लिप्स या कंपनीने काढलेली 'एमेक' ही एक आणि त्याच कंपनीची 'एथा २' ही दुसरी. ही जोडी मी मुद्दाम निवडली. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या बंदुका घेतल्या तर तुलना धातू, वजन, दिसणे, दुरुस्तीची सोय अशा अनेक वाटांनी पांगते. इथे तसे होत नाही. दोन्ही बंदुकांचे अंतरंग एकच आहे. कंपनी त्याला 'गॅमा कोअर' म्हणते. हवेच्या दाबाने मागेपुढे सरकणारा बोल्ट, गोळीला धक्का न देता हळुवार पुढे नेणारी त्याची चाल, हे दोहोंत समान. दोहोंची बाह्य काया धातूऐवजी मुख्यतः कणखर प्लॅस्टिकची. फरक आहे तो चाप आणि बोल्ट यांच्यामधल्या जागेत. एमेकमध्ये बोटाने चाप ओढला की त्या ओढीनेच हवेची एक छोटी झडप उघडते आणि बोल्ट सुटतो. एथामध्ये चाप ओढल्याची वर्दी एका विद्युत्मंडलाला जाते. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे ते मंडल झडप उघडण्याचा हुकूम देते. पहिल्या बंदुकीत बोट आणि गोळी यांचा संबंध थेट आहे. दुसरीत मध्ये एक कारकून बसला आहे.

हा कारकून मोठा कामसू आहे, हे मान्य करायला हवे. नळीच्या मागे, गोळी येऊन बसते त्या जागी प्रकाशाचा एक किरण आडवा सोडलेला असतो. गोळी नीट बसली नसेल तर तो किरण ते हेरतो आणि बंदूक झाडूच देत नाही, त्यामुळे गोळी आतच चिरडून रंगाचा राडा होत नाही. चाप अतिशय हलका करता येतो. आणि मैदानाच्या नियमांप्रमाणे झाडण्याचे प्रकार बदलता येतात. यांतला एक प्रकार विशेष लक्ष देण्याजोगा आहे. इंग्रजीत त्याला 'रॅम्पिंग' म्हणतात. पहिल्या तीन गोळ्या खेळाडूने एकेक चाप ओढून झाडायच्या. त्यानंतर त्याने सेकंदाला एकदा जरी चाप ओढत ठेवला, तरी बंदूक ठरलेल्या कमाल वेगाने आपणहून झाडत राहते. स्पर्धांनी हा वेग एकेकाळी सेकंदाला १५ गोळ्यांपर्यंत जाऊ दिला होता; पुढे तो दहाच्या आसपास आणला.

व्याकरण शिकवणाऱ्याला या ठिकाणी थांबावेच लागते. 'मी गोळी झाडली' आणि 'गोळी झाडली गेली' ही दोन्ही वाक्ये आपल्या पाठ्यपुस्तकांच्या हिशेबाने कर्मणीच. पण पहिल्यात कर्ता प्रधान आहे, तो आपल्या जागेवर उभा राहून कृतीची जबाबदारी घेतो. दुसऱ्यात कर्ता वाक्यातून निघून गेला आहे, आणि गेला तरी वाक्याचे काही अडत नाही. एमेकने झाडलेली प्रत्येक गोळी पहिल्या वाक्यातली असते. रॅम्पिंगमध्ये चौथ्या गोळीपासून पुढच्या बहुतेक गोळ्या दुसऱ्या वाक्यातल्या. सेकंदाला दहा गोळ्या सुटत असताना त्यांतल्या नऊ कोणाच्या? खेळाडूने त्या इच्छिल्या असतील, पण प्रत्येकीसाठी निर्णय घेतलेला नाही. चाप कोणी ओढला, हा प्रश्न इथे अलंकारिक राहत नाही.

बाजारातल्या तुलना या प्रश्नाकडे वळत नाहीत. त्यांचा साचा ठरलेला असतो: एका बाजूला एक बंदूक, दुसऱ्या बाजूला दुसरी, मध्ये वजन, नळीची लांबी, हवेचा खप, आवाज, चापाची ओढ. अखेरीस गुणांची बेरीज आणि 'ज्याची त्याची आवड' असा निर्वाळा. हा साचा आपल्या परिचयाचा आहे. फडके आणि खांडेकर यांची तुलना करा, या प्रश्नाला पिढ्यान्‌पिढ्या ज्या उत्तरपत्रिका आल्या त्यांचे रूप असेच असे. तंत्र यांचे, तळमळ त्यांची. भाषा यांची रेखीव, त्यांची अलंकारप्रचुर. शेवटी दोघेही थोर. तुलनेसाठी मांडलेले गुण खोटे नसतात. पण कादंबरीकडून आपल्याला काय हवे आहे हे ठरल्याशिवाय त्या गुणांना वजन येत नाही. मम्मटाने काव्याची चर्चा प्रयोजनापासून सुरू केली, ती काही नुसती रीत म्हणून नव्हे. कशासाठी, हे आधी ठरले तरच कोणते, याला उत्तर संभवते. बंदुकीलाही हे तत्त्व लागू पडते.

कशासाठी, हे विचारल्याबरोबर हिशेबच बदलतो. साध्या हॉपरमध्ये, म्हणजे बंदुकीवर बसवलेल्या गोळ्यांच्या डब्यात, सुमारे २०० गोळ्या मावतात. सेकंदाला दहाच्या वेगाने तो २० सेकंदांत रिकामा होतो. गोळ्यांचे खोके २००० चे येते. सतत झाडले तर ते ३ मिनिटे २० सेकंद पुरेल. अर्थात कोणी सतत झाडत नाही, पण वेग हाताशी असला की तो वापरला जातो. शिवाय या वेगाला साधा हॉपर पुरा पडत नाही, गोळ्या वरून पडेपर्यंत बंदूक पुढे गेलेली असते. म्हणून मोटारीने गोळ्या ढकलणारा हॉपर घ्यावा लागतो, त्याच्या बॅटऱ्या वेगळ्या. एथाची किंमत मुळात एमेकपेक्षा बरीच अधिक. तिच्यामागून हा खर्च येतो, आणि त्यामागून दर रविवारी गोळ्यांचा. विद्यार्थ्याच्या खिशाला बंदुकीपेक्षा गोळ्याच जड जातात. एमेकवाला मोजून झाडतो, कारण प्रत्येक गोळीसाठी त्याला बोट हलवावे लागते. तो हॉपर दुपारपर्यंत पुरवू शकतो.

पैशाहून मोठी एक गोष्ट आहे. पेंटबॉलमध्ये बाद झाल्याची खूण खेळाडूच्याच अंगावर उमटते. पंच असतात, पण रानात ते सगळीकडे पुरत नाहीत. आपल्या खांद्यावर फुटलेली गोळी आपणच पाहायची, हात वर करायचा आणि मैदान सोडायचे. गोळी आदळून न फुटता उडाली तर बाद नाही. फुटली तर बाद. डाग पुसून खेळत राहणे ही या खेळातली सर्वांत निंद्य लबाडी. म्हणजे हा सगळा व्यवहार एका खुणेवर आणि ती प्रामाणिकपणे वाचणाऱ्या माणसावर उभा आहे. खूण करणाऱ्याने एक खूण करावी, वाचणाऱ्याने ती मान्य करावी, हा त्यांच्यातला अलिखित करार. आता समोरच्याला पहिली गोळी लागली, त्याने हात वर केला, आणि झाडणाऱ्याला ते कळून थांबायला पाव सेकंद लागला असे समजा. दहाच्या वेगाने तेवढ्यात आणखी दोन-तीन गोळ्या सुटलेल्या असतात. करार पाळला गेलेला असतानाही तो माणूस मार खातो. अशा मैदानावर नवखा खेळाडू एकदा येतो आणि पुन्हा येत नाही. ज्या खेळाला नवे लोक हवे आहेत त्याला हे परवडणारे नाही.

एथाच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. पहिला मुद्दा असा की रॅम्पिंग बंद ठेवता येते. एका ओढीला एक गोळी, एवढ्यावर एथा चालवली तर तिच्यावर वरचा आरोप टिकत नाही. हे खरे आहे, आणि पुष्कळ मैदाने तसे बंधन घालतातही. परंतु मग त्या बंदुकीसाठी मोजलेल्या जादा पैशांतले बरेचसे वाया गेले, हेही खरे. दुसरा मुद्दा बोटांचा. ज्याच्या बोटांत जोर नाही, संधिवात आहे, त्याला हलका विद्युत्-चाप ही चैन नसून सोय आहे. त्याने खुशाल एथा घ्यावी. तिसरा मुद्दा स्पर्धांचा. ज्या स्पर्धेत समोरचे सगळे रॅम्पिंगने झाडणार आहेत तिथे एमेक घेऊन उतरणे हे शौर्य ठरेल, शहाणपण ठरणार नाही. तरीही एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. अमेरिकेत अलीकडच्या काही वर्षांत, दहा-दहा खेळाडूंच्या संघांचे आणि केवळ यांत्रिक बंदुकांचे असे सामने मोठ्या स्पर्धांतून पुन्हा भरू लागले आहेत. विद्युत्-बंदुका परवडणारे, त्यांत मुरलेले खेळाडू त्यांत आवडीने उतरतात. वेग मिळवून झाल्यावर त्यांनी तो स्वतःहून सोडला, ही माघार म्हणता येणार नाही. हायकू लिहिणाऱ्याला लांब कविता जमत नाही म्हणून तो हायकू लिहितो, असे आपण समजत नाही. मर्यादा पत्करल्याने काही गोष्टी शक्य होतात, हे आपल्या क्षेत्रातले जुने ज्ञान आहे.

एक आक्षेप याहून मूलगामी आहे. माणसाने माणसावर नेम धरण्याच्या खेळाची इतकी साक्षेपी चर्चा करावीच का? बंदूक यांत्रिक असो की विद्युत्, नेम तर माणसावरच आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. हुबेहूब लष्करी रायफलीसारख्या दिसणाऱ्या पेंटबॉल बंदुका बाजारात आहेत, खऱ्या युद्धांच्या नावाने सामने भरतात, आणि त्यांत खेळापेक्षा सोंगाचा भाग अधिक असतो. त्या वाटेला मी कोणाला जायला सांगणार नाही. एमेक आणि एथा या दोघी खऱ्या शस्त्राची नक्कल करत नाहीत, हेही त्या निवडण्याचे एक कारण होते. पण तरुण मुले हा खेळ खेळणारच असतील, तर नेम धरणाऱ्याला प्रत्येक वेळी 'मी झाडली' असे म्हणावे लागेल असे साधन त्यांच्या हाती असावे, असे मला वाटते. कृती करणाऱ्याला कृतीपासून दूर नेणारी यंत्रे खेळाबाहेरच्या जगात पुरेशी आहेत. तिथे 'गोळी झाडली गेली' हे वाक्य वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळते, आणि कर्ता शोधायला वाचकाला अनेकदा दुसऱ्या दिवशीचा अंक पाहावा लागतो. खेळात तरी तो वाक्यातच सापडावा.

तेव्हा निर्वाळा द्यायचा तर असा. महिन्यातून एक-दोन रविवार मित्रांबरोबर रानात किंवा आडोसे मांडलेल्या मैदानात खेळणाऱ्याने एमेक घ्यावी. वाचलेल्या पैशांतला पहिला वाटा चांगल्या मास्कसाठी ठेवावा. दुहेरी काचेचा, श्वासाने धुके न धरणारा मास्क हा बंदुकीच्या आधी घ्यायचा. दुसरा वाटा दाबाखालच्या हवेच्या टाकीसाठी, कारण या दोन्ही बंदुकांना हवाच मानवते, कार्बन डायऑक्साइड नव्हे. स्पर्धेच्या संघात ज्याची जागा पक्की झाली आहे, किंवा ज्याची बोटे त्याला साथ देत नाहीत, त्याने एथा घ्यावी, आणि सरावाच्या दिवशी ती एका ओढीला एक गोळी अशीच चालवावी. शक्य असेल तर दोन्ही बंदुका मित्राकडून मागून अर्धा-अर्धा दिवस वापरून पाहाव्यात. त्या वेळी वजन आणि आवाज यांची नोंद तर घ्यावीच. पण दिवसभरात किती गोळ्या झाडल्या आणि त्यांतल्या किती आठवतात, हेही स्वतःला विचारावे. ज्या बंदुकीच्या गोळ्या अधिक आठवतील ती आपली समजावी.